देवघरातला झिरो

नात्यातल्या लग्नकार्यांत माझी ओळख करून देताना माणसं हमखास चुकायची. कुणी मला आर्किटेक्ट म्हणायचं, कुणी इंजिनिअर. धाकटी नणंद तर "आमची वहिनी बिल्डिंगी बांधते" असं सांगून मोकळी व्हायची आणि समोरचा माणूस माझ्या हातांकडे बघायला लागायचा. मी यातली कुणीच नव्हते. मी ड्राफ्ट्समन. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर तसंच छापलेलं होतं, आणि वर्गात आम्ही दोघीच मुली असल्यामुळे वेगळा शब्द शोधायची तसदी कुणी घेतली नाही. आर्किटेक्ट साहेब डोक्यात घर बांधतात, गवंडी मातीत बांधतो. मधल्या मध्ये ते कागदावर उभं करायचं, हे माझं काम.

कोपरीत आमच्या सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी बसणाऱ्या बायका अजून विचारतात, म्हणजे नक्की काय करायचीस गं तू? मी सांगते, घरं फिरवायचे. त्या हसतात. मी मात्र थट्टा करत नसते. माझ्या नोकरीतला निम्मा वेळ खरोखरच घरं फिरवण्यात गेला.

त्याचं असं आहे, की जमीन कधी सरळ नसते. रस्ता तिरका जातो, नाला वाकडा असतो, शेजाऱ्याचं कुंपण त्याच्या आजोबांना वाटलं तिथे घातलेलं असतं. घर मात्र प्रत्येकाला सरळ हवं. मग आम्ही प्लॉटचा अख्खा नकाशा असा फिरवून घ्यायचो, की घराच्या भिंती कागदाच्या कडांना समांतर येतील. म्हणजे मान वाकडी न करता काढता येतं. खोल्या, ओटा, संडास, सगळं मनासारखं बसलं, की शेवटी घर तितकंच उलट फिरवून पुन्हा खऱ्या जमिनीवर ठेवून द्यायचं.

शाळेत हे सगळ्यांनी केलेलं असतं, विसरलेलं असतं इतकंच. आलेखाचा कागद, एक आडवी रेघ, एक उभी रेघ, दोन्ही छेदतात तो आरंभबिंदू. तिथून उजवीकडे तीन चौकोन आणि वर चार चौकोन मोजून एक ठिपका द्या. तो आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवलात, की डावीकडे चार आणि वर तीन असा जाऊन बसतो. अर्धा फेरा फिरवलात, तर डावीकडे तीन आणि खाली चार. आरंभबिंदूपासूनचं त्याचं अंतर तसूभरही बदलत नाही. त्रिकोण घ्या नाहीतर बंगला घ्या, आकार तोच, माप तेच, फक्त तोंड दुसरीकडे. जो बिंदू धरून आपण फिरवतो तो एकटा जागचा हलत नाही. ऑफिसात आम्ही त्याला झिरो म्हणायचो.

मी शिकले तेव्हा हे सगळं टाचणीवर चालायचं. बोर्डावर प्लॉटचा नकाशा, त्यावर घराचा ट्रेसिंग पेपर आणि झिरोवर टाचणी. मग ट्रेसिंग बोटाने हलकेच फिरवायचा. टाचणीजवळची खोली जराशी हलते, लांबचा जिना मात्र मोठा झोका घेतो. एकदा डोळ्यांनी पाहिलं की आयुष्यात विसरायला होत नाही. पुढे कॉम्प्युटर आले आणि टाचण्या गेल्या. आता आज्ञा द्यायची, बेस पॉइंट, म्हणजे हा झिरो, विचारला की माउसने दाखवायचा, कोन टाइप करायचा, की घर फिरून तयार. टाचणी गेल्याचं मला वाईट वाटलं, आणि ते केवळ जुन्याच्या प्रेमापोटी नाही. टाचणी टोचताना हात क्षणभर थांबायचा, आपण कुठे टोचतोय ते बघायचा. माउसला तेवढा धीर नसतो.

निवृत्त झाल्यावर मला पहिला फरक जाणवला तो पावसाळ्यात. फोन वाजला तरी छातीत धस्स होईना. कुणाच्या गच्चीला ओल आली, कुणाच्या कुंपणाची भिंत कलली, तरी तो फोन आता माझ्याकडे येत नाही. माझ्या रेघांवर उभी राहिलेली घरं डोंबिवलीत आहेत, कल्याणात आहेत, टिटवाळ्यात आहेत, आणि सगळी जिथल्या तिथे आहेत. हे लिहितानाही मला हायसं वाटतंय.

गिऱ्हाईकं मात्र एकेक भेटली. डोंबिवलीच्या ऑफिसात एकदा एक गृहस्थ मोबाइलमधलं होकायंत्र उघडूनच आत शिरले. त्यांनी एका होऊ घातलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता आणि स्वयंपाक करताना बायकोचं तोंड बरोबर पूर्वेला येत नव्हतं. त्यांचं म्हणणं, बिल्डिंग जराशी वळवा, कॉम्प्युटरवर एका बटणाचं तर काम आहे. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी कपाटातून ट्रेसिंग पेपर काढला, त्यावर बिल्डिंग उतरवली आणि त्यांच्या हातात टाचणी देऊन म्हटलं, तुमचा फ्लॅट जागेवर राहायला हवा ना, मग टाचणी तुम्हीच लावा. त्यांनी मोठ्या अभिमानाने ती आपल्या गॅसच्या ओट्यावर टोचली आणि ट्रेसिंग फिरवला. ओटा पूर्वेला आला. बिल्डिंगचं दुसरं टोक नाल्यात गेलं. बराच वेळ ते नाल्याकडे बघत बसले. मग चहा प्यायले आणि राहू द्या म्हणाले. पुढे त्यांनी घरातला ओटाच तिरका करून घेतला, असं कानावर आलं.

कल्याणचे एक कार्यालयवाले मात्र ऐकेनात. मंगल कार्यालयाचं तोंड त्यांना मागच्या नव्या रस्त्याकडे हवं होतं. नव्याने आखणी करण्याइतका धीर नव्हता, म्हणून आहे तोच नकाशा अर्धा फेरा फिरवा म्हणाले. फिरवला. अर्ध्या फेऱ्यात पुढचं मागे जातं तसं मागचंही पुढे येतं, हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. आज तिथे जुन्या रस्त्याने येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत गुलाबपाण्याच्या आधी खरकट्या भांड्यांचा आवाज करतो. त्या कार्यालयात लग्नाला गेले की मी मुकाट्याने खाली मान घालून जेवते.

पण या अंकासाठी काही लिहा असं सांगितलं गेलं, तेव्हा मला सगळ्यांत आधी आठवलं ते टिटवाळ्याचं सुमनकाकूंचं घर. तिथे माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सुमनकाकू आणि त्यांचे यजमान विठ्ठलवाडीला दोन खोल्यांत राहायचे. काका कारखान्यात फिटर होते. टिटवाळ्याला, स्टेशनपासून बरंच आत, त्यांनी उमेदीच्या काळात एक प्लॉट घेऊन ठेवला होता. निवृत्तीनंतर तिथे बैठं घर बांधायचं ठरलं, आणि मुहूर्त चांगला मिळाला म्हणून नकाशा व्हायच्या आधीच काकांनी भूमिपूजन उरकून घेतलं. असं पुष्कळ जण करतात. ईशान्येकडे त्यांनी स्वतः खड्डा खणला. त्यात तांब्याचा कलश, पंचरत्नं, चांदीचा छोटा नाग ठेवला, वर वीट बसवली, हळदकुंकू वाहिलं आणि माती लोटली. साहेबांकडे आले तेव्हा त्यांची एकच अट होती. या जागेवर देवघर आलं पाहिजे. खोल्या लहानमोठ्या करा, दार कुठेही काढा, पण पुरलेला कलश पुन्हा उकरायचा नाही. साहेब म्हणाले, ठीक आहे, मग तोच आपला झिरो.

पूजेवरची फुलं अजून सुकायची होती तेव्हाच सर्वेअर जाऊन आला. हद्दीच्या दोन दगडांपासून मापं घेऊन त्याने पूजेच्या जागच्या मातीच्या उंचवट्याचा ठिपका नकाशात टाकला. रस्ता प्लॉटला चांगलाच तिरका होता, त्यामुळे घर रस्त्याला समांतर ठेवायचं तर फिरवावं लागणार होतं, आणि ते फिरणार होतं त्या ठिपक्याभोवती. देवघर टाचणीखाली आणि बाकीचं घर तिच्याभोवती. मला तो नकाशा करताना फार बरं वाटलं होतं.

नकाशा मंजुरीला गेला आणि काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. मधे एक अख्खा पावसाळा गेला, आणखी काही महिने गेले. त्यांचा मुलगा नीलेश ठाण्यात एका खाजगी कंपनीत होता. हॉस्पिटल आणि नोकरी करून तो पार थकलेला. त्याला तो प्लॉट विकायचा होता. टिटवाळ्यात बिल्डिंगा वर येत होत्या, विचारणाही झाली होती. विकू आणि लिफ्टवाला फ्लॅट घेऊ, हे त्याचं म्हणणं काही वेडगळ नव्हतं. काकूंचं म्हणणं एवढंच, की फ्लॅटमध्ये ते खिडकीशी बसून राहतील, बैठ्या घरात त्यांची खुर्ची दारातून अंगणात तरी नेता येईल. शेवटी नीलेश तयार झाला, पण एका बोलीवर. कामाला सुरुवात करायची, पण सुरुवातीलाच काही विघ्न आलं तर पुढे एक शब्द बोलायचा नाही, प्लॉट विकायचा. काकूंनी हे मला ऑफिसात हळू आवाजात सांगितलं होतं. आणि काका रोज विचारतात, जागा तीच ना, हेही.

आखणीच्या दिवशी साहेब पुण्याला होते. एरवी मी जागेवर फारशी जात नसे, पण काकूंना ऑफिसातलं कुणीतरी हवं होतं, म्हणून गेले. मी पोहोचले तेव्हा कंत्राटदार म्हात्रे यांनी आमच्या कागदाप्रमाणे खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून, चुन्याच्या फक्कीने सगळं घर जमिनीवर काढलं होतं. फक्कीचे पांढरे चौकोन म्हणजे कॉलमचे खड्डे. जेसीबी पहिल्या चौकोनाशी तोंड करून उभी. चालवणाऱ्याला दुपारी दुसरीकडे जायचं होतं. नीलेश रजा टाकून आलेला आणि दर थोड्या वेळाने फोन बघणारा. पूजेच्या जागेवर खूण म्हणून ठेवलेला दगड केव्हाच कुणीतरी उचलून नेला होता आणि गवत कमरेपर्यंत वाढून नुकतंच कापलेलं होतं. त्या जमिनीवर आता एक जागा दुसरीपेक्षा वेगळी दिसत नव्हती. जागा माहीत होती ती फक्त कागदाला.

कागदावर देवघरात ठिपका होता, तिथे म्हात्र्यांनी लोखंडी खिळा ठोकलेला. मी काकूंना तिथे घेऊन गेले. त्या नमस्कार करतील आणि मग मशिन सुरू होईल, असं ठरलेलं. काकू उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत. समोर शेतात विजेचा मोठा टॉवर आहे, त्याच्याकडे बघून त्यांनी मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे केली.

"ताई, इथून सुळका दिसत नाही हो," त्या म्हणाल्या.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, की पूजेला त्या काकांच्या उजव्या हाताला बसल्या होत्या, पूर्वेकडे तोंड करून. भटजींचं लांबलं तेव्हा त्या समोर बघत बसल्या, आणि टॉवरच्या दोन पायांच्या बरोबर मधून मागच्या डोंगराचा सुळका दिसत होता. चौकटीत बसवल्यासारखा. आता सुळका टॉवरच्या बाहेर होता.

नीलेश वैतागला. म्हणाला, आई, दीड वर्ष झालं, तुला काय आठवणार, आणि ते सगळं कॉम्प्युटरवरून काढलेलं आहे. म्हात्र्यांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, भिंत रस्त्याला समांतर हाय, काटकोन मी दोन येला बघलाय. आता काय राहिलंय?"

ते खोटं बोलत नव्हते. मीही दोऱ्या बघितल्या होत्या, सगळं चोख होतं. पण काकूंनी सांगितलेली गोष्ट म्हणजे एक सरळ रेघ होती, आणि रेघेला नाही म्हणायची मला सवय नाही. मी काकूंचा हात धरून आडवी चालत गेले, सुळका टॉवरच्या पायांमध्ये येईपर्यंत. आम्ही देवघरातून निघालो, स्वयंपाकघर ओलांडलं आणि थांबलो तेव्हा समोर जेसीबीचा पंजा होता. पहिला खड्डा तिथेच घ्यायचा होता.

मी म्हात्र्यांना म्हटलं, मशिन बंद ठेवा. नीलेशने फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे बघितलं. त्याची बोली मला माहीत होती. हे विघ्नच होतं, आणि ते आणणारी मी होते.

पिशवीत सर्वेअरचा मूळ नकाशा होता, माझी स्केलपट्टी होती. विटांच्या ढिगावर बसून मी दोन्ही कागद मांडीवर पसरले. सर्वेअरच्या नकाशात हद्दीच्या दगडापासून ठिपका किती लांब, ते मोजलं. मग आमच्या आखणीच्या कागदात त्याच दगडापासून देवघरातला ठिपका मोजला. जुळेना. दुसऱ्या दगडापासून मोजलं, तेही जुळेना. फरक सहजासहजी दिसणारा नव्हता, पण घराचा ठिपका पाच-सहा पावलं भलतीकडे होता. मंजूर झालेला नकाशा बरोबर होता. चूक झाली होती ती नंतर, जागेवर आखायला म्हणून वेगळा कागद काढताना.

तो कागद सावंतांनी काढलेला. सावंत म्हणजे आमच्या ऑफिसातला सगळ्यांत स्वच्छ हात. माझ्याबरोबरचेच, ट्रेसिंगच्या काळातले. मी फोन करून एवढंच विचारलं, घर उलटं फिरवताना बेस पॉइंट कुठला धरलात? पलीकडे माउसचा टकटक आवाज आला.

"ताई, कोपरा पकडला मी," सावंत म्हणाले. "सवयीने घराचा कोपरा पकडला."

इथे घोटाळा काय झाला ते सांगते. बाकीच्या सगळ्या कामांत आम्ही घर धरायचो ते कोपऱ्याने. कोपरा सापडायला सोपा, माउस आपोआप तिथे चिकटतो. या एकाच घराचा झिरो कोपऱ्यात नव्हता, आत देवघरात होता. सावंतांनी कोन बरोबर दिला, पण घर फिरवलं भलत्याच टाचणीभोवती. अशा वेळी घर वाकडं होत नाही, हेच तर वाईट. वाकडं झालं असतं तर म्हात्र्यांनी लांबूनच ओळखलं असतं. कोन तोच असल्यामुळे भिंती हव्या तशा रस्त्याला समांतर येतात, काटकोन काटकोनच राहतात, आणि अख्खं घर मुकाट्याने बाजूला सरकून बसलेलं असतं. देवघरातला ठिपकाही घराबरोबरच सरकला, म्हणून कागदावर तो देवघरातच दिसत होता. कुणाच्याही हातून झालं असतं. सावंत त्यानंतर कित्येक दिवस डबा खाताना बोलत नव्हते. साहेब त्यांना रागावले नाहीत. त्यांनी ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी लावली, झिरो कुठे आहे, आणि मी निवृत्त होईपर्यंत ती कुणी काढली नाही.

त्या वेळी मात्र मला चिठ्ठीचं सुचत नव्हतं. कागदावर चूक सापडली होती, पण कागदावरचा विश्वास आता त्या प्लॉटवर कुणाचाच उरला नव्हता, माझाही नव्हता. मी म्हात्र्यांना दोन टेप मागितल्या. एका टेपचं टोक त्यांनी एका हद्दीच्या दगडावर धरलं, दुसऱ्या दगडावर त्यांचा माणूस बसला. सर्वेअरच्या नकाशातली दोन अंतरं दोन टेपांवर धरून मी दोन्ही ताणत चालू लागले. एका टेपने जागा सापडत नाही, ती माणसाला गोल फिरवत राहते. दोन्ही टेपा ताठ राहून एकमेकींना भेटतात अशी त्या बाजूला एकच जागा असते. त्या भेटल्या फक्कीच्या पहिल्या चौकोनाच्या आत, पंज्याच्या दातांपासून हातभर अंतरावर.

मी काकूंना हाक मारली आणि काही न सांगता तिथे उभं केलं. त्यांनी टॉवरकडे बघितलं. मग त्या सावकाश खाली बसल्या, पूजेला बसतात तशा, आणि पुन्हा बघितलं.

"हं," त्या म्हणाल्या. "मधोमध."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर्वेअरचं यंत्र आणि काकूंची आठवण यांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती, आणि दोघांनी एकच जागा दाखवली होती. मी आयुष्यभर मापं जुळवत आले, पण माप जुळल्यावर इतकं सुटल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

नीलेशला तेवढ्याने पटलं नव्हतं. आईला काय, कुठूनही सुळका दिसेल, असं काहीतरी तो पुटपुटला. पण बूट काढून तो चौकोनात आला, गुडघ्यांवर बसला आणि हाताने माती बाजूला करायला लागला. म्हात्र्यांनी फावडं पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. वरची माती भुसभुशीत होती, खाली कठीण लागली. त्याने कडेला पडलेली फरशीची कपची घेतली आणि तिने हळूहळू खरवडायला लागला. काकू तशाच बसून राहिल्या. जेसीबीवाला खाली उतरून आमच्यात येऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने कपची कशावर तरी घासली गेली. नीलेशने बोटांनी माती झटकली. विटेची कड होती, आणि विटेच्या एका भेगेत कुंकवाचा लाल रंग अजून टिकून होता.

त्याने वीट उचलली नाही, आणखी खणलंही नाही. तिच्यावर तळहात ठेवला आणि तसाच बसून राहिला. ती जागा विकायला निघालेला मुलगा तो. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं मला वाटलं, पण ते काम माझं नव्हतं.

म्हात्र्यांनी हळूच विचारलं, आता सकाळचं सगळं पुसून नव्याने आखायचं का? त्यांचा चेहरा पडलेला. मी म्हटलं, काही पुसू नका. कोन बरोबर आहे, घर फिरवायचं नाही, नुसतं सरकवायचं आहे. देवघरातल्या खिळ्यापासून या विटेपर्यंत जेवढं अंतर आहे, तेवढीच, त्याच दिशेला प्रत्येक खुंटी न्या. बोटभरही कमी नाही, बोटभरही जास्त नाही. त्यांना ते ऐकल्याबरोबर कळलं. माणसांना हाका मारून त्यांनी दोऱ्या सोडायला घेतल्या, आणि पांढरं घर एकेक खुंटी करत आमच्याकडे सरकायला लागलं.

नीलेशने मातीचे हात पँटला पुसले आणि मला विचारलं, बाबांची खोली यातली कुठली? मी दाखवली. देवघराला लागूनच होती, मधे एक भिंत. त्याने मान डोलावली, फोन काढला आणि विठ्ठलवाडीला लावला. फोन काकांच्या तोंडाशी धरायला शेजारचं कुणीतरी होतं. काकांनी विचारलेलं मला ऐकू आलं. शब्द तुटक होते, पण ते रोजचेच होते.

"जागा... तीच ना?"

"तीच आहे, बाबा," नीलेश म्हणाला. "मी आत्ता हात लावून बघितली."

मग तो फोन आईकडे न देता तिथेच विटेशेजारी मांडी घालून बसला आणि वडिलांना घर सांगायला लागला. स्वयंपाकघर कुठे, अंगणाचं दार कुठे, खुर्ची कुठून बाहेर काढायची. म्हात्र्यांनी मशिनवाल्याला खूण केली, आणि मशिन आवाज न करता येईल तितकी हळू मागे घेऊन तो दुसऱ्या टोकाच्या खड्ड्याकडे गेला.